गप्प बसायचा एक तास

सलूनच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, गिऱ्हाईकं मालकाला 'रेडिओ'च म्हणत. समोरच्याच्या तोंडाला दाढीचा फेस फासला, की हा मोकळा सुटे. गल्लीतली लग्नं, भांडणं, बदल्या, सगळ्या बातम्या त्याच्या खुर्चीवरून निघत आणि निघताना थोड्या फुगूनच निघत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडली. ही हकिगत त्याने इतकी रंगवून सांगितली, की सांगता सांगता वीतभराचं तीन हात आतडं झालं.

पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, स्कॅन करायचा म्हटलं की स्वारी काढता पाय घेई. मागच्या खेपेला "मशीन बिघडलंय" अशी थाप मारून तो मित्राकडे पत्ते कुटत बसला. बायकोने फोन केला, तर मशीन ठणठणीत. या खेपेला ती स्वतःच चप्पल घालून उभी राहिली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर येतेय."

रक्तातला कॅन्सरची चाहूल देणारा आकडा वाढलेला निघाला. सीटी स्कॅनमध्ये, आतडं जोडलं होतं तिथे, काहीतरी धूसर दिसलं.

"जुना व्रण असेल, नाहीतर आजार परतला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात दोन्ही सारखेच दिसतात. पेट स्कॅन करू. साखरेसारखं औषध टोचतात. कॅन्सर साखरेला हावरट असतो, ती खातो आणि चित्रात चमकतो."

घरी येताना रेडिओ एक अक्षर बोलला नाही. बायको घाबरली ती त्यामुळेच.

स्कॅनच्या दिवशी सुई टोचून तिथल्या मुलीने त्याला पडद्याआड कॉटवर झोपवलं. "काका, तासभर पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"बोलायचं का नाही?"

"जो स्नायू काम करतो तो साखर खातो. बोललात तर घसा चमकेल."

"अख्खा तास?"

"अख्खा."

दहा मिनिटं त्याने कशीबशी काढली. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?" तो कुजबुजला.

"शू!" उत्तर आलं. आवाज थेट मुख्याध्यापिकेचा. नंतर कळलं, बाई खरंच मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त.

तो पुन्हा गप्प झाला. मग राहवेना. "बाई, भीती वाटते का हो?"



"वाटते," पडदा म्हणाला. "तुम्हाला?"

"मला? छे!" तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "खूप."

त्यानंतर दोघं चाळीस मिनिटं कुजबुजत होते. बाईंनी मधूनमधून त्याचं व्याकरणही सुधारलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा नवराबायकोकडे वळवला. "जोडावर काही चमकत नाही. तो व्रणच आहे."

रेडिओ उठलाच.

"बसा. हे यकृत. हा ठिपका बघा, घेवड्याच्या दाण्याएवढा. आजार इथे आलाय. पण एकच आहे, काढता येईल. वेळेत सापडला."

त्याने बायकोचा हात धरला. चारचौघांत धरायची ही पहिलीच वेळ.

डॉक्टरीणबाईंचं पेन वर सरकलं. "आणि घशात हा एवढा उजेड कसला?"

बायकोने वाकून पाहिलं. "तो आजार जुना आहे, डॉक्टर. बत्तीस वर्षं मी सोसतेय. त्यावर औषध असेल तर तेवढं सांगा."

यकृताचा तुकडा काढला. पुढे सलाइनमधून औषधं झाली, केस विरळ झाले, सलून काही महिने बंद राहिलं. नंतरचे दोन स्कॅन स्वच्छ आले. आता तो तारखेच्या आदल्या आठवड्यापासूनच दारावर पाटी लावतो: 'मालक तपासणीला जाणार आहेत.'

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याचंही आतड्याचं ऑपरेशन झालेलं. बोलता बोलता म्हणालं, "वर्ष झालं, स्कॅनबिन सोडून दिलंय. बरं वाटतंय की!"

रेडिओची कात्री थांबली. अर्धं डोकं झालं होतं. त्याने गिऱ्हाईकाच्या अंगावरचं कापड काढून झटकलं आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"उठा. उरलेलं डोकं रिपोर्ट आणल्यावर."

गिऱ्हाईक संतापलं, ओरडलं, शेवटी टोपी घालून गेलं. पाचव्या दिवशी रिपोर्ट घेऊन हजर झालं. रेडिओने तो उभ्याउभ्या वाचला, नीट घडी करून परत दिला आणि उरलेल्या अर्ध्या डोक्यासाठी खुर्ची पुसली.