पंखावर धुळ्याचा पत्ता

मेहरूण तलावाच्या काठावरून अक्काने तिचं शेवटचं रॉकेट उडवलं, त्याला वीस वर्षं झाली. आज न्हाव्याने मानेवर पावडर लावली आणि ती सकाळ आठवली. प्लास्टिकचं पॅराशूट कागदी नळीत चिकटू नये म्हणून माझी ही मोठी बहीण त्याला अशीच पावडर चोळायची. ज्याला रॉकेट सापडेल त्याने परत आणून द्यावं म्हणून पंखावर घरचा पत्ता लिहायची. त्या दिवशी पत्ता धुळ्याचा होता.

“अक्का, हे काय?”

“सोमवारपासून तिथे नोकरी ना माझी. सापडलं तर घेऊन ये.”

“एवढ्यासाठी धुळ्याला येऊ?”

“येडा शे का? बसने दोन तास तर लागतात.”

रॉकेट सरळ वर गेलं, लाल पॅराशूट उघडलं आणि वाऱ्याने ते केळीच्या बागेत नेलं. मला ते तिसऱ्याच ओळीत सापडलं. तिची एक वस्तू तरी घरात राहावी म्हणून मी ते शर्टात लपवलं आणि सापडलं नाही असं सांगितलं. ती मला येण्याचं निमित्त देत होती, हे तेव्हा कळलं नाही.

रॉकेट माझ्या कपाटात आहे. पंखावरचा पत्ता अजून वाचता येतो.