जाळीचा हेडफोन

बांडुंगच्या पूर्वेला उजुंगब्रुंगचा चढ लागतो, तिथल्या एका गल्लीत युयून राहते. वय बावन्न. नवरीचे केबाया, म्हणजे लेसचे अंगरखे, शिवण्यात तिचा हात धरणारी बाई त्या चढावर दुसरी नाही. लेसची शिवण अशी घालते, की कपडा उलटा करून पाहिला तरी ती कुठून सुरू झाली ते कळू नये. नवरा कोसासी पोस्टातून निवृत्त झाला, तेव्हापासून तो दिवसभर मागच्या पडवीत बांबूच्या बासऱ्या करत बसतो. सुलिंग म्हणतात तिला. करतो, वाजवतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि ओळखीच्या चार वाजवणाऱ्यांना पाठवून देतो.

युयूनला गाण्याचं वेड. मशीनशेजारी दोऱ्यांच्या डब्यावर तिचा छोटा स्पीकर असे. सकाळी कसीद्याची भक्तिगीतं, मग दांगदुतचा ठेका, दुपारी क्रोंचोंगची जुनी संथ गाणी, मध्येच तिच्या भाच्याने भरून दिलेलं गिटारचं काहीतरी किंचाळणारं. आवडत नाही असं गाणं तिला अजून भेटलं नव्हतं. मशीनच्या खडखडाटात अर्धं ऐकू येई, उरलेलं अर्धं ती मनाने भरून काढी.

असं सगळं बरं चाललं होतं. मग समोरच्या इमासला तिच्या मुलाने बातामहून हेडफोन पाठवला.

इमास विधवा, युयूनपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून युयून तिला ‘तेह’ म्हणे, म्हणजे ताई; मोठ्या पुरुषाला, नवऱ्यालासुद्धा, तिकडे ‘कांग’ म्हणतात. पहाटे तीनला उठून ती चूल पेटवी आणि सुराबी विकायला बसे. आपल्या घावनासारखीच, पण जाड आणि मऊ. दहापर्यंत पीठ संपे. दुपारी काम आवरलं, की ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसून ती तो काळा गुबगुबीत हेडफोन कानांवर चढवी, डोळे मिटी आणि हळूहळू मान डोलवी.

एकदा जेवता जेवता कोसासी म्हणाला, "तेह इमासचा कान फार तयार आहे हं."

"कशावरून?" युयूनने विचारलं.

"मी पाठवतो ना तिला वाजवलेलं. परवा म्हणाली, ‘कांग, तुमची सुलिंग ऐकली की मला माहेरचं शेत दिसतं.’ लोकांना ऐकता येत नाही गं. तिला येतं."

युयूनच्या हातातला घास हातात राहिला. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली आणि या माणसाने तिला एकदाही काही पाठवलं नव्हतं. पाठवायचं तरी कशाला, ती तर पलीकडच्याच खोलीत होती. पण रस्ता ओलांडून त्या सुराबीवालीकडे मात्र पोचत होतं!  तिने मिरचीची वाटी त्याच्यापुढून उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून मशीनसमोरची खिडकी तिच्या जिवाला लागली. कापडावर नजर ठरेना. समोर ते मिटलेले डोळे, ती डुलणारी मान. ‘बघा, कशी रंगलीय!’ ती स्वतःशीच पुटपुटे. ‘नवरा माझा, फुंकर माझ्या नवऱ्याची, आणि माहेर दिसतंय हिला!’ एका नवरीच्या केबायाची बाही तिने उलटी जोडली. आयुष्यात पहिल्यांदा. सगळी उसवावी लागली. उसवताना सुई बोटात गेली, तेव्हा तिने शिवी दिली ती सुईला नव्हती.

आठवडाभराने दोरे आणायचं निमित्त करून ती शहरात गेली. एबीसी रस्त्याला विजेच्या सामानाच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या एका अरुंद दुकानात एन्सी लान म्हणून साठीची चिनी बाई बसे.

"काळा द्या, मोठा," युयून म्हणाली. "कान पुरते झाकणारा. शेजारणीकडे आहे त्याच्याहून भारी."

एन्सी लानने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, कानासाठी घेताय की शेजारणीसाठी?"

युयून लाजली, पण मागे हटली नाही. "दोन्हीसाठी."

"दिवसभर काय करता?"

"शिवते."

"चष्मा?"

"आहे."

"मग बसा. घाई केलीत तर आठ दिवसांत परत आणाल आणि मला दोष द्याल."

पहिला दिला तो इमासच्यासारखाच. डोक्यावरच्या रुमालावरूनच चढवला. दुकान, रस्ता, रिक्षांचे भोंगे, सगळं एका झटक्यात बंद झालं. ‘अस्सं! हिला असं ऐकू येतं तर!’ युयूनच्या मनात आलं. पण दहा मिनिटांत कान तापले, चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. एन्सी लान समोर उभी राहून तोंड हलवत होती, युयूनला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. तिने हेडफोन काढला.

"मी म्हणत होते, दारात गिऱ्हाईक आलं तर कसं कळणार तुम्हाला?"

दुसरा वजनाला हलका होता, पण त्याने डोकं चिमट्यात धरल्यासारखं धरलं. दांगदुतचा ढोल पोटापर्यंत पोचला. सुलिंग लावली तर ती ढोलाखाली चेंगरून गेली.

मग एन्सी लानने कपाटाच्या वरच्या खणातून एक राखाडी हेडफोन काढला. त्याची पाठ बंद नव्हती, तिथे बारीक जाळी होती. कानांना मखमलीच्या रुंद गाद्या. "हा उघडा असतो," एन्सी लान म्हणाली. "हवा खेळती राहते, कान उकडत नाहीत. बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. बसमध्ये घालू नका, शेजारी बसलेला माणूस शिव्या देईल. घरी एकटीने बसून ऐकायला याच्यासारखा नाही."

युयूनने घातला. जरा वेळाने म्हणाली, "छान आहे. पण वरचा सूर बोळा घातल्यासारखा येतोय."

"तुमच्या रुमालाचा बोळा आहे तो. या माझ्याबरोबर."

मागे खोक्यांची खोली होती. एन्सी लानने तिला आत बसवलं, दार लावलं आणि बाहेरून ओरडून सांगितलं, "पुरुष नाही कुणी आत. काढा रुमाल. अर्धा तास हलू नका!"

युयूनने रुमाल सोडला, केस मागे सारले आणि हेडफोन पुन्हा चढवला. डोक्यावर आहे की नाही तेच कळेना. तिने एकेक करून सगळं लावून पाहिलं. कसीद्यातल्या बायका ओळीने उभ्या असल्यासारख्या वेगळ्या ऐकू आल्या, त्यातल्या तिसरीला सर्दी झालेली होती. क्रोंचोंगमधलं ते छोटं तंतुवाद्य डावीकडे किणकिणत होतं. भाच्याच्या किंचाळणाऱ्या गिटारमागे कुणीतरी इतका वेळ हळू गात होतं, हे तिला तीन वर्षांत कळलं नव्हतं. आणि हे सगळं डोक्यात कोंबल्यासारखं येत नव्हतं. समोरच्या खोक्यांपलीकडे ओसरी असावी आणि तिथे मंडळी बसलेली असावीत तसं येत होतं. त्यातच बाहेरचा पंखाही ऐकू येत होता, एन्सी लान कुणाशी तरी भावावरून भांडतेय तेही. अर्धा तास झाला. कान गार होते. चष्मा कुठेही टोचला नव्हता.

"शेजारणीपेक्षा जास्त ऐकू येईल ना याच्यात?" बाहेर येऊन तिने विचारलं.

"जास्तच येईल," एन्सी लान म्हणाली. "कधीकधी नको तेही."

तीन केबायांची शिलाई त्यात गेली.

घरी आल्यावर तिने कोसासीला सांगितलं, "तुमचं वाजवलेलं सगळं मला पाठवा."

"तुला?" तो हसला. "तुला कशाला?"

"का? फक्त रस्त्यापलीकडच्यांनाच कान दिलेत देवाने?"

त्याने पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मशीन बंद केलं, दार पुढे ओढलं आणि ऐकायला बसली. पाचव्या तुकड्याशी ती थबकली. सुलिंगच्या मागे कप बशीत ठेवल्याचा आवाज होता. मग एका बाईचं हलकेच ‘हं’. पुन्हा लावलं. ‘हं’. आठ वेळा लावलं. तुकड्यावर तारीख गुरुवारची होती. गुरुवारी युयून चिल्यूनीला एका नवरीचं माप घ्यायला गेली होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच पडवीत गेली. "गुरुवारी कोण आलं होतं?"

कोसासी बांबू घासत होता. "कुठे?"

"इथे. माझ्या घरात, माझ्या कपातून चहा प्यायला."

"तेह इमास. सुराबी घेऊन आली होती. तूही खाल्लीस की रात्री."

"आणि तुम्ही वाजवत होतात, ती ‘हं हं’ करत होती!"

"पायरीवर बसली होती, युयून. दार सताड उघडं. गल्लीतली कोंबडीसुद्धा बघत होती."

"मग मला का नाही बसवलंत कधी पायरीवर?"

कोसासीने कानस खाली ठेवली. "तुझं मशीन कधी बंद असतं? सव्वीस वर्षांत माझ्यासाठी एकदा तरी पाय थांबला का तुझा?"

"थांब म्हणालात का कधी?"

  मग ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "वाजवा आता. थांबलाय माझा पाय."

त्याने वाजवलं. मन लावून वाजवलं. संपल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला.

"चौथ्या भोकाचा सूर उतरतोय," युयून म्हणाली. "आणि वळण यायच्या आधीच दम संपतो तुमचा, म्हणून तिथे घाई होते. दर वेळी. पाचही तुकड्यांत."

कोसासीचा चेहरा पडला आणि मग तापला. "शिवणारी तू शिवणारीच राहिलीस. टाकेच मोजणार! तेह इमासच्या डोळ्यांत पाणी येतं, माहीत आहे?"

ठिणगी पडायची तिथे पडलीच.

चार दिवसांनी इमास स्वतःच आली. "नवा घेतलास म्हणे! बघू तरी." युयूनने मुकाट्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि मुद्दाम कोसासीचीच सुलिंग लावली. इमासने डोळे मिटले. मिनिटभराने उघडले.

"अगं, यात तर कोंबड्या ऐकू येतात! तुझा नळही. हे कसलं? माझा बरा."

"बरा म्हणजे? जास्त स्पष्ट येतं?"

"नाही गं बाई." इमासने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? त्यांना नको सांगूस हं. मी तीनला उठते. दुपारी ते कानांवर घातलं, की गल्लीचा कालवा बंद होतो आणि कांगची बासरी लागली की दोन मिनिटांत डोळा लागतो. इतकी गाढ झोप मला नवरा असतानाही लागली नव्हती. ते विचारतात, कसं वाटलं, तर काहीतरी सांगायला नको? शेत दिसतं म्हणते. दिसतंही कधीकधी, स्वप्नात."

ती डुलणारी मान! युयूनला हसू आवरेना. इमासही हसली. दोघींनी मिळून केळ्याची भजी खाल्ली.

दोन दिवस युयूनने ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा त्या भोकाचं नाव काढलं, आणि कोसासी म्हणाला, "तुझ्याहून तेह इमास बरी. रसिक आहे."

"रसिक!" युयूनच्या तोंडून निघून गेलं. "झोपते ती, कांग. तुमचं वाजवणं लावून घोरते. स्वतः सांगून गेली."

तो उठला. पडवीत गेला. त्या दिवशी सुलिंग वाजली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. युयूनला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. उलट मनात नवंच काहीतरी जळू लागलं. आपण मशीन थांबवून, कान देऊन ऐकलं, त्याचं त्याला काहीच नाही, आणि ती बाई झोपली तर याच्या तोंडची चव गेली! ती इतकी कोण लागून गेली? रागाच्या भरात तिने त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावता लावता दोनदा तोडलं. मग लावलं.

चौथ्या दिवशी तो नवी सुलिंग घेऊन मशीनपाशी येऊन उभा राहिला. "चौथं भोक जरा वर घेतलंय. ऐक."

तिने पाय थांबवला. ऐकलं. "आता बरोबर."

"आणि दम?"

"दम तुमचा तेवढाच आहे. साठी आली. छोटे तुकडे वाजवा."

तो मनातून चिडला असेल, पण छोटे वाजवू लागला. आता नवी सुलिंग झाली की आधी तिच्याकडे येतो. चांगलं म्हणायची ती घाई करत नाही आणि त्याचाही आग्रह नसतो. इमास अजून गुरुवारी सुराबी आणते, पायरीवर बसते. झोपायला बसलेली असते हे आता तिघांनाही ठाऊक आहे. तरी तिची चप्पल दाराशी वाजली, की युयूनचं लक्ष शिवणीवरून उडतंच. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं, म्हणतात ते खोटं नाही.

मात्र दुपारचा एक तास युयूनने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. कधी दांगदुत, कधी कसीदा, कधी दूरदेशीचं पन्नास व्हायोलिनांचं काहीतरी. हल्ली चियांजुरच्या कुणा म्हाताऱ्याची सुलिंग तिच्या हाती लागली आहे, फार जुनी, खरखरीची. ती लागली की तिचे डोळे आपोआप मिटतात, आणि ती झोपलेली नसते.

जाळीतून आवाज बाहेर येतोच. परवा कोसासी दारात येऊन बराच वेळ उभा होता.

"कोण आहे हा?" त्याने शेवटी विचारलं.

"आहे एक चियांजुरचा."

"हं." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "जिवंत आहे?"

"नाही. जाऊन तीस वर्षं झाली."

"बरं," कोसासी म्हणाला. पण जाता जाता वळला. "रोज त्याचंच लावतेस काय?"