उंबरा चढून आलेलं पाणी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मी जेवताना ऐकते आणि हात धुताना विसरते. शिकले भूगोल, काम ओढ्या-नाल्यांचे उतार मोजायचं. पाणी उताराकडे जातं, या एका वाक्यावर माझं पोट चालतं. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस टाळाटाळ केली...

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीलगत एक ओढा तेरणेला मिळतो. तेरणा मांजरेला, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी पार तिकडे आंध्रात समुद्राला. ओढा तेरणेला मिळायच्या जरा अलीकडे एक डोह आहे. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी आडवा काळा खडक — गाव त्याला उंबरा म्हणतं. खोलीकरणाच्या कामात हा उंबरा फोडायचा होता. तो फुटला की पाणी थांबणार नाही, डोह कायमचा जाणार, हे मला दिसत होतं. कुठून फोडायचा ते ठरवणारीही मीच. पण वर्षानुवर्षं उन्हात नद्या खणून, त्या पुन्हा आटलेल्या बघून मी इतकी विटले होते की म्हटलं, फुटू दे एकदाचा. नाहीतरी त्या उन्हाळ्यात डोह ठणठणीत कोरडाच होता.

मी ज्यांच्या घरी जेवायचे त्या नीलाबाई मावशींचा मात्र वेगळाच कारभार. टँकर आला की पहिली घागर डोहात! सगळ्या गावाचीच रीत ती. वर्षभर डोहाचं पाणी वापरायचं आणि उन्हाळ्यात त्याचं उसनं फेडायचं.

"मावशी, घरात प्यायला पाणी नाही आणि हे काय?" मी चिडून विचारलं.

"वरीसभर त्याचंच पिलो की माय. आता त्याला घोटभर नको?"

मी कपाळाला हात लावला. शहाण्याने अशा ठिकाणी वाद घालू नये.

जेसीबी आला त्या दुपारी मावशी घागर घेऊन काठावर उभ्या होत्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मशीन चालवायला उदगीरचे गफूरभाई होते. त्यांना कळावं म्हणून मी उंबऱ्यावर फक्कीची पांढरी रेघ मारली. वळून पाहते तर रेघ गायब.

"वाऱ्यानं उडाली असंल, मॅडम."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी पुन्हा रेघ मारली आणि या वेळी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांदेखत ती भिजली. खालून, तेरणेच्या बाजूने पाण्याची बोटभर धार उंबरा चढून येत होती... डोहाकडे. तेरणेचं पात्रही तेव्हा कोरडंच होतं! मी उतार मोजायची लेव्हल लावून पाहिली. उतार होता तसाच होता, पाणीच उलटं चाललं होतं. कोकणात एकदा खाडीत भरती चढताना पाहिली होती, अगदी तसं.

गफूरभाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. "या अल्ला... खारं हाय, मॅडम."

मीही चाखलं. खारंच होतं.

"बघत काय राहिलात?" मावशी म्हणाल्या. "लई लांबून आलंय ते, त्याचंबी उसनं फेडाया. वाट सोडा की."

आम्ही दोघंही बाजूला झालो. मावशींनी त्या धारेशेजारीच आपली घागर डोहात रिती केली. थोड्या वेळाने धार थांबली. डोहाच्या तळाशी ओल तेवढी राहिली.

मशीन मी परत पाठवलं. ऑफिसात बोलणी खाल्ली. उंबरा फोडला तर डोह जाईल, एवढंच सांगितलं आणि ते खोटं नव्हतंच. उंबरा अजून शाबूत आहे.

आमच्याकडे बोअरला खारं पाणी लागतं, मान्य. एखादा झरा फुटला असेल, तेही मान्य. पण झरा चढ चढत नाही. थकवाही गेलेला नाही, काम तेच, ऊन तेच. फक्त "कंटाळा आला" असं म्हणायला तोंड उघडलं की जिभेवर ती खारट चव येते... एका घागरीचं उसनं फेडायला कोण कुठून चालत आलं होतं, ते आठवतं आणि मी पुढचा उतार मोजायला घेते.