थांब्याचा अर्ज

“सारं लिही गा, मोघम नको,” म्हणत काका माझ्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकत आणि उमटणारं प्रत्येक अक्षर तपासत. नागपुरात कचेरीबाहेर मी अर्ज टाइप करतो. असे चिवट अर्जदार तुम्हीही पाहिले असतील. साहेब बदलतात, यांचा अर्ज बदलत नाही.

काका एका लहान गावचे शिंपी. गावची अरुंद रुळांची छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी बंद झाली आणि वर्षानुवर्षं बंदच राहिली. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यात आणावं लागे, दोन बस बदलून. परतताना त्या अर्धमेल्या होत. त्या कोणत्या वळणावर ओकतात, हेसुद्धा काकांना अर्जात घालायचं असे. मी हसून ते गाळायचो.

अर्जाची मागणी एकच, लाइन लवकर सुरू करा. एकदा त्यांनी दुसरी मागणी सांगितली: गाडीला आमच्या गावी थांबा द्यावा. मी नको तिथे शहाणपणा केला. लाइन सुरू झाली की गाडी पूर्वीसारखी थांबेलच, दोन मागण्या पाहून साहेब वैतागतात, असं सांगून ती ओळ उडवली.

“तुले जास्त समजते बाबू,” एवढंच ते म्हणाले.

शेवटी लाइन झाली. गावच्या स्टेशनला नवा रंग, नवी पाटी. काकांनी मला पहिल्याच गाडीने जेवायला बोलावलं. तिकीट खिडकीवर कळलं, ही गाडी तिथे थांबत नाही. मी मुकाट्याने पुढच्या स्टेशनचं तिकीट काढलं. काकांना फोन करून सांगायची हिंमत झाली नाही. भित्रा माणूस मी.

गाव आलं तेव्हा मी दारात उभा होतो. फलाटावर काका, शेजारी नवं लुगडं नेसलेल्या काकू. काकांनी एसटीला करतात तसा हात केला. गाडीने वेगसुद्धा कमी केला नाही.

पुढच्या स्टेशनवरून ऑटोने उलटा आलो. काकांनी पान वाढलं आणि शांतपणे म्हणाले, “तू तं म्हणत होता, थांबते.”

“काहून बोलता? जेवू द्या त्याले,” काकू म्हणाल्या. घास गिळताना मला स्वतःची लाज वाटत होती.

थांब्याचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी टाइप केला. सहीसाठी निरोपावर निरोप धाडले, काका आले नाहीत. पोळ्यानंतर त्यांच्या गावच्या एकाने सांगितलं, काकू गेल्या. धंतोलीहून परतताना, बसमध्येच.

अर्जात ‘पत्नीच्या उपचारासाठी’ असं लिहिलेलं आहे. तेवढं खोडायला हवं. मी अजून खोडलेलं नाही.