दहा वर्गांना दहा माणसं

आमच्या शाळेत प्रॉक्सी लावायचं काम सगळ्यात नव्या मास्तराच्या गळ्यात पडतं. सकाळी कोण आलं नाही ते बघायचं, त्यांचे तास कोणाच्या डोक्यावर टाकायचे ते ठरवायचं, चिठ्ठी घेऊन जायचं, सही घ्यायची आणि शिव्या खायच्या. मी शहाद्याहून सुरतेला आलो आणि आठवड्याच्या आत हे मानाचं पद मला मिळालं.

चिठ्ठी दिसली की माणसं कशी बदलतात ते मी जवळून बघितलंय. गणिताचे सर आधी कंबर धरतात. विज्ञानाच्या बाईंचा प्रयोग नेमका त्याच तासाला असतो. वर्षभर त्या काहीतरी उकळतायत, ते काय आहे ते देवालाच ठाऊक. मग मी एक युक्ती काढली. सरांच्या समोर गेलो की त्यांच्याआधी मीच कंबर धरायची आणि त्यांच्याच आवाजात कण्हायचं, "अरे बाबा, कालपासून वाकताच येईना." सर हसले की पेन पुढे. हसणारा माणूस सही करतो.

डिसेंबरात मराठीच्या बाईंचं लग्न निघालं. नंदुरबारला, मुलाच्या गावी, तेही भर गुरुवारी. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. आईने साड्यांना लेस लावून लावून तिला शिकवलेलं. पत्रिका वाटताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, माझ्याकडून आई, मी, मामा-मामी आणि त्यांची दोन पोरं. झालं. मुलाकडे अख्खं गाव. अक्षता टाकायला माझ्या मागे कोण दिसणार?"

मी एरवी कशाचीही नक्कल करतो. त्या दिवशी नक्कल न करता तिचं म्हणणं तसंच्या तसं स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं.

स्टाफरूमने ठरवलं, जायचं. नवरी सोडून आम्ही तेरा जण, त्यातले आठ तयार झाले. आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणजे मोठ्या बाई, त्यांच्यासमोर आठ अर्ज ठेवले. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"आठ? शाळा चालवायची की वऱ्हाड?"

"बाई, मी प्रॉक्सी लावतो ना."

"लावा. गुरुवारी सकाळी दहाच्या दहा वर्गांत माणूस उभा दाखवा, आठही अर्जांवर सही करते. एक जरी वर्ग रिकामा दिसला, तर आठही जण इथेच."

उरलेले आम्ही पाच. वर्ग दहा. बाकीचे पाच आणायचे कुठून?

आमची मराठी शाळा सकाळची. त्याच इमारतीत दुपारी गुजराती माध्यमाची शाळा भरते. तीच बाकं, तेच फळे, आणि दोन्ही पाळ्यांचं बोलणं फक्त भांडायपुरतं. आमचे म्हणतात ते फळा पुसत नाहीत, ते म्हणतात आम्ही डस्टर लपवतो. (लपवतो. पण ते असो.) मी दुपारी त्यांच्या स्टाफरूममध्ये घुसलो आणि काही न बोलता आमचे पी.टी.चे सर भाजीवालीशी गुजरातीत कसे भांडतात ते करून दाखवलं, "ओ बेन, ये वांगा में तो अळी छे, कमी करो ने!" एक जण चहा प्यायचा थांबला. दुसरा टेबलावर हात आपटायला लागला.

त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या बेन डोळे पुसत म्हणाल्या, "चाल, नाटक पत्यू. हवे काम बोल." म्हणजे नाटक संपलं, आता कामाचं बोल.

मी लग्नाचं सांगितलं. नवरीच्या बाजूला किती माणसं ते सांगितलं. आणि बदल्यात काय तेही सांगितलं. वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, अख्खं सुरत गच्चीवर पतंग उडवत असतं आणि या बिचाऱ्यांना दुपारची शाळा असते. "त्या दिवशी तुमचे तास आम्ही घेऊ. तुम्ही फिरकी धरा."

बेननी पहिली सही केली. मागोमाग चार झाल्या. पाच! मी जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरलो.

गुरुवारी सकाळी सात वाजता गेटवर क्रूझर उभी, इंजिन चालू. विज्ञानाच्या बाई गजरा माळून, गणिताचे सर कंबर विसरून कडक इस्त्रीत, पी.टी.च्या सरांच्या डोक्याला फेटा. दुपारपाळीचे चार जण झोपाळलेल्या डोळ्यांनी आले. पाचव्याचा फोन आला. कतारगामला गाडी पंक्चर. "पोणो कलाक लागशे, भाई."

प्रार्थना संपली. मोठ्या बाई व्हरांड्यातून एकेक वर्ग मोजत निघाल्या. सातवीच्या दारात थांबल्या. आत पोरांचा बाजार भरलेला.

"नऊ," त्या म्हणाल्या.

गेटवरून आठ तोंडं माझ्याकडे बघत होती. पाऊण तास थांबले असते तर अक्षता हुकल्या असत्या. मी खिशातून कोरी चिठ्ठी काढली, सातवीचा पहिला तास लिहिला, पुढे लिहिलं "मोठ्या बाई" आणि पेनासकट त्यांच्या पुढे धरली.

"हे काय?"

काय झालं मला कळलं नाही. तोंडातून त्यांचाच आवाज निघाला, वर्षभर आम्हाला ऐकवतात तसा, नाकातून, प्रत्येक शब्द सुटा करून, "प्रॉक्सी ही विनंती नसते, सर. सही करा आणि वर्गात जा."

शिपाईमामांनी घंटा पोटाशी धरली. मला वाटलं, आता शहाद्याची गाडी पकडायची.

बाईंनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं. गेटकडे बघितलं. मग सही केली, ठसठशीत, आणि हात पुढे केला. "इतिहासाचं पुस्तक आणा. आणि मी अशी बोलत नाही."

"नाही बाई."

"अर्ज टेबलावर आहेत. सह्या केल्यात असं सांगा त्यांना, जाऊ द्या."

मी गेटपर्यंत धावलो नाही, उडालो. क्रूझर धूळ उडवत गेली आणि पी.टी.च्या सरांचा फेटा खिडकीबाहेर फडफडत राहिला.

पंक्चरवाले भाई आले तेव्हा बाई सातवीतून बाहेर यायलाच तयार नव्हत्या. "तुम्ही ऑफिसात बसा, फोन आला तर घ्या," म्हणाल्या. भाई शाळा सुटेपर्यंत हेडमिस्ट्रेसच्या खुर्चीवर बसून चहा प्याले. मी सलग सगळे तास घेतले. शेवटी घशातून माझा स्वतःचा आवाजही निघेना, दुसऱ्यांचे तर लांबच.

शेवटच्या तासाला व्हिडिओ कॉल आला. नवरी. मागे एका रांगेत आमचे आठ, हातात अक्षता, बाजूला तिची आई. आई कोणाला तरी ठसक्यात सांगत होती, "या मन्ही पोरना मानसं शेतस!" माझ्या पोरीची माणसं आहेत ही!

"सर, चौदा जण आहेत," नवरी म्हणाली. "मोजून घ्या."

मी फोन घेऊन सरळ सातवीत गेलो. बाईंच्या बोटांना खडू, पदरावर खडू. पोरं उभी राहून ओरडायला लागली. बाईंनी पडद्याकडे वाकून बघितलं.

"छान दिसतेस गं. सुखी राहा." मग मान वर करून मला म्हणाल्या, "आता फोन बाहेर न्या. तास चालू आहे."