अर्धा इंची पाना

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, हे आधीच सांगते. आमचं घर जैनथ गावातलं, बौद्ध, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं. त्यात माझी सगळी पत्रकारिता विमानांची सुरक्षा आणि देखभाल यावर... कुठला भाग का तुटला, कुणी न बघता सही ठोकली, हेच शोधत आले.

माझा मावसभाऊ प्रशिक एका फ्लाइंग स्कूलमध्ये टेक्निशियन होता. दुरुस्तीनंतरच्या चाचणीत छोटं विमान पडलं — तो आणि पायलट, दोघंही गेले. चितेची राख निवायच्या आत स्कूलने सांगून टाकलं, प्रशिक इंजिनात पाना विसरला. चॅनलवाल्यांनी तेच दिवसभर वाजवलं. जैनथच्या ऑटोत लोक मावशीच्या तोंडावर बोलायला लागले, "हिच्याच पोरानं मारलं त्या पायलटले." ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी मावशीकडे गेले. भरदुपारी ती अंगणात सोयाबीन निवडत होती आणि मधूनच एकटीच म्हणत होती, "हाय... हाय."

ते काय आहे हे मी ओळखलं. काम संपलं की एकाने हत्याराचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने पेटीत बघून 'आहे' म्हणायचं, मावशीच्या बोलीत 'हाय'. सगळी जागेवर आल्याशिवाय विमान सोडायचं नाही. शिकत असताना प्रशिक सुट्टीत मावशीला समोर बसवून याचा सराव करायचा. मला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

"मावशी, कोणाशी बोलून राह्यली?"

"काऊन वं, तुले आयकू नाई येत? थो मोजून राह्यला ना."

आणि मला ऐकू आलं. प्रशिकचा आवाज. अगदी जवळून, स्वच्छ.

"पक्कड."

"हाय," मावशी म्हणाली.

"आरसा."

"हाय."

"अर्धा इंची पाना..."

मावशी गप्प. मग तोच आवाज, चढलेला, ड्युटीवरच्या हिंदीत — "सर, पाना नहीं मिल रहा. जहाज मत छोड़िए."

"थो रोज इथंच थांबते," मावशी म्हणाली.

मी त्याच्या जोडीदार टेक्निशियनला फोन लावला आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आधी दार लावल्याचा आवाज आला. मग — "दीदी, आपको किसने बताया? वहाँ तो हम तीन ही थे." रडत रडत त्याने उरलेलं सांगितलं. विमान सोडायची सही करणारे साहेब म्हणाले होते, पाना खाली कुठेतरी पडला असेल, इतनी फिकर है तो तू ही बैठ जा. आणि प्रशिक विमानात बसला! माझं नाव मात्र छापू नका, नोकरी जाईल, म्हणाला.

नोकरी!

संपादक विचारतात, सोर्स कोण? काय सांगू... मेलेला माणूस? बातमी तशीच पडून आहे, आणि ते साहेब मजेत खुर्चीवर आहेत. तो आवाज कुठून येतो, मला नाही सांगता येत. डोकं खाजवून थकले.

साहेब काय म्हणाले ते मी मावशीला सांगून टाकलं. काल तिने मला फोन लावून तो अंगणात धरला, "आयक." मला त्याचा आवाज आला नाही, फक्त तिचाच येत होता. "हाय... हाय..." मग ती थांबली, आणि एकदम ओरडली,

"नको बसू रे बाप्पा त्याच्यात!"