घरी चालणारा कंट्रोलर अकोल्यात अडला

मंगळवारी अकोल्यात माझी पार शोभा झाली. तीही सगळ्या शाळेसमोर... एका वीतभर इंजिनामुळे!

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेला वानखडे काकांनी त्यांचं रेल्वेचं मॉडेल दिलंय. काका आपल्या इकडच्या नॅरोगेजवर, त्या अरुंद रुळांच्या गाडीवर, आधी इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते, नंतर ड्रायव्हर. त्यांचे वडीलही त्याच लाइनवर, इंग्रजांच्या, सीपी अँड बेरार प्रांताच्या काळात. मॉडेल त्याच काळातल्या लाइनचं आहे... कापसाच्या गाठींच्या वॅगनी, जिनिंग कारखान्याची उंच चिमणी, पाण्याची टाकी. सगळं काकांनी हाताने केलेलं.

काका या रविवारी कायमचे मुलाकडे पुण्याला जाणार. त्याआधी शाळेत गाडी फिरताना बघायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मुख्याध्यापक सरांचं म्हणणं असं, की गाडी चालत असेल तर प्रयोगशाळेत मोठं टेबल देतो. चालत नसेल तर काचेच्या कपाटात.

गाडीला वीज देणारा कंट्रोलर जुना होता. आत ट्रान्सफॉर्मर, वर वेग कमी-जास्त करायचं गोल बटण. मी नवरात्रात तो घरी नेला, आमच्या गावी, नांदगाव पेठजवळ. कॉर्ड बदलली, सुटलेले टाके पुन्हा सोल्डर केले. बारा व्होल्टचा बल्ब लावून पाहिला. बटण फिरवलं की बल्ब हळूहळू उजळायचा, हळूहळू मंदावायचा... एकदम झकास! मग तो घरीच ठेवून मी शाळेच्या कामासाठी अकोल्याला परतले आणि दसऱ्यानंतर घरी जाऊन तो बॉक्स घेऊन आले.

आणि मंगळवारी... कंट्रोलरचा लाल दिवा लागलेला, पण गाडी जागची हलेना. बटण थोडं पुढे नेलं तर एकदम अशी उसळली की वळणावर वॅगनींसकट आडवी! मुलं खिदळली. काका मात्र वाकून आडव्या वॅगनी एकेक करून उचलत होते. ते जास्त लागलं.

माझ्या हातचं काम बिघडलं असेल असं काही केल्या मनात येईना. म्हणून मी बाकी सगळ्यांवर खापर फोडलं. रूळ स्पिरिटने पुसले. इंजिनाची चाकं घासली. मोटरचे कार्बन ब्रश काढून पाहिले. टेबलाखालच्या वायरी बदलल्या. त्या टेबलाखाली उताणं पडून पडून मान आखडली... आणि गाडी तशीच. चार बोटं सरकायची, थबकायची, उसळायची.

"काका, तुमचं इंजिनच जुनं झालंय," असंही एकदा वैतागून म्हणून गेले.

"पोरी, मी बी जुना झालो. पण मी असा उड्या मारत नाही," काका म्हणाले.

शुक्रवारी सर डोकावले. "मॅडम, राहू द्या आता. काचेत छानच दिसेल."

काका उठून उभे राहिले. "सर, काचेत तुमी मेलेले पक्षी ठेवता. हे गाडी हाये."

सर गेले. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि ते उगाच इंजिन पुसत बसले. माझ्याच्याने ते बघवेना. शेवटी नाइलाजाने कंट्रोलर ओढला आणि त्यालाच बल्ब लावला. बटण मध्यावर आणलं... बल्ब गुल! आणखी पुढे नेलं, तर लख्ख.

म्हणजे दोष माझ्याच बॉक्समध्ये. पण घरी तर चालत होता!

बटण उपटून खालचा भाग उघडला. आत तारेचं वेटोळं असतं, त्यावरून पत्र्याची एक जीभ फिरते; ती नीट टेकली तरच वीज पुढे जाते. त्या वेटोळ्यावर चिकट, लालपिवळा लगदा... वास घेतला. हळद. कुंकू. तेल!

तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर, कारण दोन्ही हात माखलेले.

"आई, तू त्या डब्याला काही लावलं होतंस का?"

"मंग! खंडे नवमीले पूजा नाही करा लागत काय?" आई म्हणाली. "तुह्या बापाचा तराजू मांडला, माहा विळा मांडला, खुरपे मांडले. तुह्याच हत्याराले काहून सोडू? त्या गुळगुळीत बटनावर हळद-कुकू टिकून नाही राह्यलं, म्हून तेलात कालवून लावलं. चांगलं भरपूर."

"अगं पण..."

"अन् दुसऱ्या दिवशी पुसून बी ठेवलं, तू चिडशीन म्हून. काहून, काई झालं काय?"

मी आठवडाभराचा सगळा वैताग गोळा करून तोंड उघडलं होतं... पण काका एवढ्या जोरात हसले की टेबल हललं.

"वैनी," ते फोनकडे वाकून म्हणाले, "आमी बी दसऱ्याले इंजिनाले हार घालत होतो, नारळ फोडत होतो. पण रेग्युलेटरच्या आत नाही फोडला कधी!"

बटणाच्या फटीतून ते सगळं आत ओघळलं होतं. मग कान कोरायच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन मी ते वेटोळं घासत बसले. जीभ थोडी वाकवून नीट टेकवली. काकांना म्हटलं, तुम्हीच फिरवा. त्यांनी बटण इतकं हळू फिरवलं, जणू खरंच मागे गाठींनी भरलेल्या वॅगनी आहेत. गाडी हलली. चिमणीला वळसा घालून, टाकीखालून, पुन्हा स्टेशनात. ती येऊन थांबली, तेव्हाच काकांनी बटणावरचा हात काढला. मग म्हणाले, "आता जातो मी पुण्याले."

शनिवारी मोठं टेबल मिळालं.

आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. डिग्रीचा कागद आईने ट्रंकेत घडी करून ठेवलाय, तो कुणी फारसा काढत नाही. पण माझं काम मात्र तिने बाबांच्या तराजूशेजारी पाटावर मांडलं... हे मला त्या लगद्यामुळे कळलं.

बटणाच्या खाचेत थोडा पिवळा डाग राहिलाय. स्पिरिटने निघेल. मी काढला नाही.